पाटी पुसायला घाटकोपरला!

घाटकोपर स्टेशनवर आपण उतरत नाही, गर्दीच आपल्याला उतरवते! ठाण्याहून लोकलनं निघालं की विक्रोळी गेल्यावर दाराशी सरकायचं, पिशवी पोटाशी धरायची आणि गाडी थांबली की पाय उचलायचे. पुढचं काम मागचे लोक करतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी अशीच उतरले आणि पूर्वेला पंतनगरला मामीकडे निघाले.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, ती याच मार्गानं. घाटाच्या, म्हणजे डोंगराच्या, कोपऱ्यावरचं गाव ते घाटकोपर, असं जुनी माणसं सांगतात. पूर्वेकडे ठाण्याची खाडी, पश्चिमेकडे टेकड्या आणि मधोमध रेल्वेचे रूळ. रुळांमुळे गावाचे दोन भाग झालेत, ईस्ट आणि वेस्ट. रस्त्यात एका कानावर मराठी आणि दुसऱ्या कानावर गुजराती पडते. इथल्या पोरांना दोन्ही येतात आणि भांडताना तिसरी, हिंदी!

बरं, मी कशाला गेले होते? तर एक लॅपटॉप पोहोचवायला. पंतनगरमधून निघायचं, रूळ ओलांडून वेस्टला जायचं, तिथून मेट्रोनं असल्फा. अंतर म्हणाल तर अर्ध्या-पाऊण तासाचं. पण आम्हाला लागला आख्खा दिवस! का, ते ऐका.

मामांचा लॅपटॉप

माझे मामा विमा एजंट होते. शे-दोनशे घरांचे विमे त्यांनी काढलेले. २०१४ साली त्यांनी लॅपटॉप घेतला. त्याच वर्षी, ८ जूनला, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली. मामा ऐटीत सांगायचे, "मेट्रो आणि माझा लॅपटॉप, दोघं एका वयाचे!"

दोन वर्षांपूर्वी मामा गेले. लॅपटॉप कपाटात पडून राहिला. मामीकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई असल्फ्याला राहतात. त्यांच्या लेकीला यंदा कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला. लॅपटॉप घ्यायला पैसे नव्हते. मामी म्हणाली, "कपाटात धूळ खाण्यापेक्षा पोरीच्या कामी येऊ दे."

मामीचा नातू आठवीत आहे. मला तो आत्या म्हणतो. घरातला मोबाईल अडला, टीव्ही अडला की त्यालाच हाक मारतात, म्हणून आम्ही त्याला 'इंजिनीअरसाहेब' म्हणतो. मी पोहोचले तेव्हा साहेब खुशीत होते.

"आत्या, मी कालच सगळं साफ करून ठेवलंय! सगळे फोल्डर सिलेक्ट केले, डिलीट केले आणि रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली. दोन मिनिटांत काम खल्लास!"

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अरे, पण त्यात तुझ्या आजोबांच्या लोकांचे कागद होते ना? आधार कार्डं, पॅन कार्डं, डॉक्टरांचे रिपोर्ट, बँकेचे रद्द केलेले चेक."

"होते ना. आता नाहीत."

"नक्की?"

"आजी, स्क्रीनवर बघ! काही दिसतंय का?"

खरंच काही दिसत नव्हतं. पण मामीचं समाधान होईना. ती म्हणाली, "नुसते आपले कागद असते तर मी एवढा विचार केला नसता. ज्यांचे आहेत त्यांनी यांच्यावर विश्वास ठेवून दिले होते. ते उद्या भलत्याच्या हाती लागले, तर लोक नाव कुणाचं घेतील?"

मामीचं म्हणणं अगदी बरोबर होतं. कार्डाची प्रत, सही, जन्मतारीख आणि फोन नंबर एकत्र मिळाले, की दुसऱ्याच्या नावानं सिमकार्ड किंवा कर्ज काढण्याचा प्रयत्न करणारे भामटे असतात. "तुमच्या पॉलिसीचे पैसे आलेत" असा फोन करून, पॉलिसीचा खरा नंबर सांगून, एखाद्या आजोबांना गंडवणं तर त्याहून सोपं.

मग ठरलं, वेस्टला दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे, मामांच्या ओळखीचं. तिथे आधी दाखवायचं आणि मगच असल्फा.

पुलापलीकडे

मामी, मी आणि लॅपटॉपची बॅग छातीशी धरलेले इंजिनीअरसाहेब अशी वरात निघाली. भाजीवाले, फुलवाले, फरसाणाची दुकानं मागे टाकत स्टेशनच्या पुलावर चढलो. पुलावरून खाली लोकलचे रूळ दिसतात आणि पश्चिमेच्या बाजूला मेट्रोचं स्टेशन. लोकलमधून उतरलेली माणसं मेट्रोकडे धावतात आणि मेट्रोतून उतरलेली लोकलकडे. मध्ये उभं राहिलात तर भोवऱ्यासारखे फिराल!

वेस्टला उतरल्यावर मामीनं हात करून दाखवलं, "तिकडे चिरागनगर." दोस्तांनो, हे नाव लक्षात ठेवा. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे तिथल्या झोपडपट्टीत अनेक वर्षं राहिले. १ ऑगस्ट १९२० ला वाटेगावात जन्मलेला हा माणूस शाळेत जेमतेम गेला, पण त्यांनी 'फकिरा'सारखी कादंबरी लिहिली. त्यांचं लिखाण आजही टिकून आहे आणि टिकावं असंच ते आहे. आम्ही मात्र त्या दिवशी उलट्या कामाला निघालो होतो. जे टिकू नये, ते पुसायला!

पुसलेलं परत आलं!

दुकान म्हणजे जेमतेम दोन माणसं मावतील एवढी खोली. भिंतीवर चार्जर लटकलेले, टेबलावर उघडे पडलेले लॅपटॉप. दुकानदार काकांनी मामीला ओळखलं. "या काकी, बसा." बसायला जागा नव्हतीच, तरी एक स्टूल निघालं.

इंजिनीअरसाहेबांनी आपला पराक्रम सांगितला. काका हसले. "डिलीट केलंस? बघू या हं." त्यांनी एक पेनड्राइव्ह लावला, त्यातला प्रोग्राम सुरू केला आणि आम्हाला चहा सांगितला. चहा यायच्या आत स्क्रीनवर नावं उमटू लागली. एकामागून एक, भराभर! 'पॉलिसी २०१५'. 'मेडिकल'. 'केवायसी'. आणि मग एका कार्डाचा फोटो उघडला. मामीच्या बिल्डिंगमधल्याच तळमजल्यावरच्या आजोबांचा!

मामीनं झटकन स्क्रीनवर हात धरला. "नको, उघडू नका. ते आपले नाहीत."

नातवाचा चेहरा एवढासा झाला. "पण मी तर रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली होती..."

काकांनी त्याला विचारलं, "शाळेत लायब्ररी आहे ना? पुस्तक कुठे ठेवलंय ते कशावरून कळतं?"

"कार्डावरून. नाहीतर रजिस्टरवरून."

"समज, तू रजिस्टरमधलं पुस्तकाचं नाव खोडलंस. मग कपाटातलं पुस्तक गेलं का?"

"नाही. ते तिथेच असणार."

"बस्स! कॉम्प्युटर डिलीट करतो म्हणजे नुसतं नाव खोडतो. 'ही जागा आता मोकळी समजा' असं लिहून ठेवतो. कपाटातलं पुस्तक तसंच असतं. त्या जागी दुसरं पुस्तक येऊन बसेपर्यंत ज्याला शोधता येतं तो ते काढून वाचू शकतो. नुसतं झटपट फॉरमॅट मारलं तरी तेच. रजिस्टर नवं येतं, कपाट जुनंच राहतं."

असं का करतात, सांगू? वेळ वाचवायला. मोठी फाईल खरोखर पुसायची तर तिच्या सगळ्या जागेवर दुसरं काहीतरी लिहावं लागतं. नाव खोडायला क्षणही लागत नाही.

ही चूक काही आमच्या इंजिनीअरसाहेबांचीच नव्हे बरं का! अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेच्या सिमसन गारफिंकल आणि अभी शेलत या दोन विद्यार्थ्यांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ वाचता आल्या. आणि नीट पुसलेल्या किती निघाल्या? फक्त १२! बाकीच्यांत लोकांची पत्रं, आजारपणाचे कागद आणि हजारो क्रेडिट कार्डांचे नंबर सापडले. त्यांचा लेख २००३ साली छापून आला, तेव्हा जगाचे डोळे उघडले. पण पुरते उघडले नसावेत. कारण २००९ मध्ये कॅनडातल्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी घाना देशातल्या बाजारात ४० डॉलरला घेतलेल्या एका डिस्कमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याशी संबंधित करारांचे कागद निघाले होते!

'छोटू' नावाचा फोल्डर

यादी अजून सरकतच होती. तेवढ्यात मामी एकदम म्हणाली, "थांबा, थांबा! ते काय होतं? 'छोटू'?"

काकांनी यादी मागे नेली. 'छोटू' नावाचा फोल्डर होता. त्यात व्हिडिओ होते. "हा तर आपलाच," असं म्हणून मामीनं उघडायला सांगितलं. चार वर्षांचा एक मुलगा गॅलरीत उभा राहून अडखळत पाढे म्हणतोय. "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक... आजोबा, बे त्रिक किती?" आणि पाठीमागून मामांचा आवाज. "तूच सांग की लबाडा!" मग दोघांचं हसू.

दुकानात कुणीच बोलेना. मामांचा आवाज दोन वर्षांनी ऐकला होता आम्ही. हे व्हिडिओ दुसरीकडे कुठेही नव्हते. कुणाला त्यांची आठवणही नव्हती. आणि काल रात्री ते डिलीट झाले होते.

नातू हळूच म्हणाला, "आजी, मी न बघताच पुसलं."

मामीनं त्याला जवळ घेतलं. "पुसलं गेलं नाही, हे नशीब म्हणायचं."

दोस्तांनो, गंमत बघा. ज्या गोष्टीची आम्हाला भीती वाटत होती, तिनंच आमचा ठेवा परत दिला. डिलीट केलेलं जात नाही म्हणून शेजारच्या आजोबांचं कार्ड उघडं पडलं, आणि डिलीट केलेलं जात नाही म्हणूनच मामांचा आवाज परत मिळाला.

काकांनी 'छोटू' फोल्डर आणि घरचे फोटो एका वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतले. त्याच लॅपटॉपवर का नाही घेतले? कारण तिथे काही नवं लिहिलं, तर ते नेमकं त्या मोकळ्या समजलेल्या जागेवर बसेल आणि जुनं कायमचं जाईल. म्हणून चुकून काही डिलीट झालं, तर आधी लॅपटॉप वापरणं थांबवायचं. मग दुसरी प्रत त्यांनी मामीच्या मोबाईलवर चढवली आणि दोन्हीकडचे व्हिडिओ चालवून बघितले. "प्रत घेतली म्हणजे झालं नाही," ते म्हणाले. "ती उघडते का, ते बघायचं. मगच पुसायचं. नीट पुसल्यावर मी काय, कुणीच परत आणू शकणार नाही."

ग्राहकांच्या कागदांचं काय? मामांच्या पश्चात ज्या फायली शाखेत द्यायच्या, त्या मामीनं केव्हाच पोहोचवल्या होत्या. इथे उरल्या होत्या नुसत्या प्रती. त्यांचं काम संपलं होतं. २०२३ साली आपल्या संसदेनं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. त्यातलं एक तत्त्व असं, की ज्या कामासाठी लोकांची माहिती घेतली ते काम संपलं आणि दुसऱ्या कुठल्या कायद्यानं ती ठेवायला सांगितलं नसेल, तर ती पुसून टाकायची. मामीला कायदा ठाऊक नव्हता. पण 'ते आपले नाहीत' हे तिचं वाक्य त्याहून वेगळं काय सांगत होतं?

शून्याची करामत

आता खरं पुसणं. काकांनी आधी लॅपटॉपच्या बाजूचं बटण दाबलं. सीडीचा ट्रे बाहेर आला आणि त्यात चक्क नाट्यगीतांची सीडी! मामी हसली, "वर्षभर शोधत होते ते." मेमरी कार्डाची फटही तपासली. ती रिकामी होती. मग मामांच्या ईमेलच्या खात्यातून या लॅपटॉपचं नाव काढून टाकलं, म्हणजे तो आता कुणाचाच ओळखीचा राहिला नाही.

मग त्यांनी पेनड्राइव्हवरून पुसण्याचा प्रोग्राम चालू केला. तो काय करतो? डिस्कच्या पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत शून्यं लिहीत जातो. पाटीवर नुसता हात न फिरवता, ओल्या फडक्यानं कोपरा न् कोपरा पुसावा तसं.

"किती वेळा पुसायचं?" नातवानं विचारलं. "मी ऐकलंय की पस्तीस वेळा पुसावं लागतं."

"ऐकलंयस ते खरंय, पण जुनं आहे," काका म्हणाले.

हा पस्तीसचा आकडा १९९६ सालचा. पीटर गटमन नावाच्या संशोधकानं त्या काळच्या वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्कसाठी सुचवलेल्या सगळ्या रीतींची ती बेरीज. एकाच डिस्कला त्या सगळ्या कधीच लागत नव्हत्या. आजच्या फिरत्या चकत्यांच्या हार्ड डिस्कवर सगळीकडून एकदा नीट लिहिलं तरी ते घरच्या कामाला पुरतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेनं २०१४ साली दिलेल्या सूचनाही तेच सांगतात.

मामांची डिस्क ५०० जीबीची. काकांनी हिशेब केला, "दीड-दोन तास. जा, काहीतरी खाऊन या."

खाऊगल्लीतला वर्ग

दोन तास मोकळे आणि आपण घाटकोपरमध्ये! मग काय विचारता! परत पूल ओलांडून ईस्टला आलो आणि गाठली वल्लभबाग लेन, म्हणजे इथली खाऊगल्ली. संध्याकाळ झाली की गाड्यांवरचे दिवे लागतात, तव्यावर लोण्याचा चर्र आवाज होतो. डोसे किती तऱ्हेचे असावेत, त्याला काही सुमार? चीज डोसा, पावभाजी डोसा आणि तिसरं नाव तर मला उच्चारताच आलं नाही. मामीनं आपला साधा डोसा मागितला.

खाता खाता साहेबांचं डोकं चालूच होतं. "आत्या, बाबांच्या नव्या लॅपटॉपमध्ये फिरती चकती नाहीये. एसएसडी आहे. तिच्यावरही शून्यं लिहायची का?"

प्रश्न फक्कड होता. एसएसडीत चकती नसते, चिपा असतात. एकाच जागी सारखं लिहिलं तर चिप झिजते. म्हणून आतला नियंत्रक दर वेळी वेगळ्या जागेवर लिहितो आणि काही जागा आपल्याला न दाखवता राखून ठेवतो. तुम्ही समजता की जुन्या जागेवर शून्य लिहिलं, तो लिहितो भलतीकडेच! २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी हे तपासलं. एसएसडीवर एकेक फाईल पुसण्याच्या नेहमीच्या रीतींनी बराच मजकूर मागे उरतो, असं त्यांना आढळलं.

मग उपाय? दोन आहेत. एक म्हणजे त्या डिस्कलाच तिची स्वतःची 'सगळं पुस' ही आज्ञा द्यायची. ती कंपनीनंच आत ठेवलेली असते. दुसरा उपाय मला फार आवडतो. लॅपटॉप नवा असतानाच सगळा मजकूर कुलूपबंद करायचा, म्हणजे एन्क्रिप्शन चालू करायचं. मग जे काही लिहिलं जातं ते सगळं सांकेतिक. लॅपटॉप देताना फक्त किल्ली नष्ट करायची. तिजोरी तिथेच आहे, पण किल्ली ठाण्याच्या खाडीत! कोण उघडणार? बऱ्याच नव्या फोनांत आणि मॅक लॅपटॉपांत हेच घडतं, म्हणून तिथे पुसण्याचं काम काही मिनिटांत होतं.

"म्हणजे पुसायची तयारी पहिल्या दिवसापासून करायची!" साहेब म्हणाले.

"अगदी बरोबर," मी म्हटलं आणि माझ्या वाटणीची पाणीपुरी त्यांना देऊन टाकली.

परत दुकानात गेलो. काकांनी पुन्हा तोच शोधण्याचा प्रोग्राम चालवला. आता यादीत एकही नाव नाही. मग त्यांनी डिस्क आतून दाखवली. शून्य, शून्य, शून्य, ओळीमागून ओळी शून्याच्याच. नातवानं मध्येच कुठेतरी जाऊन बघितलं, शेवटी जाऊन बघितलं. सगळीकडे शून्य. मामीनं एक मोठा श्वास सोडला.

लॅपटॉप जुना, त्यामुळे विंडोज ११ त्याला झेपणार नव्हतं. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला. म्हणून काकांनी त्यावर लिनक्स टाकलं. ते फुकट असतं आणि जुन्या यंत्रावरही चालतं. मजुरी किती, विचारल्यावर म्हणाले, "पोरीच्या शिक्षणाला ना? चहाचे द्या."

असल्फ्याच्या पायऱ्या

घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनवरून गाडी निघाली. जागृतीनगर आणि मग असल्फा, दोनच स्टेशनं. टेकडीच्या उतारावर घरांवर घरं रचलेली. २०१७-१८ च्या सुमारास स्वयंसेवकांनी आणि इथल्या रहिवाशांनी मिळून यातल्या कितीतरी भिंती रंगवल्या. निळ्या, पिवळ्या, गुलाबी. तेव्हापासून मेट्रोतले लोक माना वळवून या टेकडीकडे बघतात. आम्ही गेलो तेव्हा अंधार पडला होता. रंगांच्या जागी खिडक्यांतले दिवे दिसत होते आणि काही दारांत अजून आकाशकंदील लटकलेले होते.

आणखी एक स्टेशन पुढे गेलात तर साकीनाका. तिथपासून कुर्ल्यापर्यंत भंगाराच्या गोदामांचा पट्टा आहे. मोडलेले कॉम्प्युटर तिथे येतात आणि त्यांचा तांब्याचा, प्लॅस्टिकचा कण न् कण वेगळा होतो. ती माणसं फार कष्टाचं काम करतात. पण कसलाही बचाव न करता वायरी जाळल्या किंवा पट्ट्या आम्लात बुडवल्या, तर विषारी वाफा त्यांच्याच छातीत जातात. म्हणून ई-कचऱ्याचे नियम झाले. पहिले १ मे २०१२ पासून लागू झाले, सध्याचे १ एप्रिल २०२३ पासून. त्यानुसार निकामी यंत्रं नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडेच गेली पाहिजेत. बिघडलेली डिस्क पुसता येत नाही, तीही अशाच ठिकाणी तोडायला द्यायची. घरी हातोडी घेऊन बसू नका! काही डिस्कच्या चकत्या काचेच्या असतात, आणि लॅपटॉपच्या बॅटरीला धक्का लागला तर ती पेट घेते.

ताईंचं घर बऱ्याच पायऱ्या चढून होतं. मामी दोनदा थांबली, पण बॅग तिनं नातवाकडून स्वतःकडे घेतली. लेक दारातच उभी होती. लॅपटॉप हातात घेतल्यावर ती काय म्हणाली असेल? 'थँक्यू' तर म्हणालीच. पण आधी विचारलं, "आजी, याच्यातलं सगळं नक्की पुसलंय ना? काकांचे कामाचे कागद होते, असं आई म्हणत होती."

"का गं?"

"नाही, उद्या कुणाचं काही झालं तर... आमच्याकडे होता लॅपटॉप, असं नको व्हायला."

मी चपापले. दिवसभर आम्ही विचार करत होतो तो कागदांच्या मालकांचा आणि मामांच्या नावाचा. ज्या मुलीला आम्ही लॅपटॉप देणार होतो, तिच्या डोक्यावर केवढं ओझं ठेवलं असतं, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. न पुसलेला लॅपटॉप देणं म्हणजे आपली काळजी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवणं.

"पुसलंय," इंजिनीअरसाहेब पुढे येऊन म्हणाले. "मी स्वतः तपासलंय. सगळीकडे शून्य आहे. ये, दाखवतो तुला."

लॅपटॉप सुरू झाला. स्क्रीनवर विचारलं होतं, 'तुमचं नाव?' मुलीनं एकेक अक्षर दाबत आपलं नाव लिहिलं. "आम्हाला लिनक्स शिकायचंच आहे या वर्षी," ती खुशीत म्हणाली.

परतताना नातवानं खिशातला 'छोटू'चा पेनड्राइव्ह तीनदा चाचपून बघितला. मेट्रोत बसल्यावर मामी हळूच त्याला म्हणाली, "बे त्रिक किती रे?"

"सहा गं आजी!" तो ओरडला आणि डब्यातले लोक आमच्याकडे बघायला लागले.

लॅपटॉप देण्यापूर्वी एवढं करा

१. घरातल्या मोठ्यांना विचारा. आत कुणाकुणाचं काय आहे, ते सगळ्यांनी मिळून बघा.

२. हवं ते दोन वेगळ्या जागी ठेवा. प्रती उघडून तपासा.

३. ईमेल, मेसेज आणि इतर खात्यांतून बाहेर पडा. खात्याच्या यादीतून त्या लॅपटॉपचं नाव काढा.

४. सीडी, मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह आत राहिलंय का, ते बघा. फोन देणार असाल तर सिमकार्डही.

५. विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी, मग 'रीसेट धिस पीसी'. तिथे 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि पुढे 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करा. ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात! नव्या मॅकवर 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' असतं.

६. एसएसडी असेल तर एन्क्रिप्शन आधीपासून चालू होतं का, ते बघा. नसेल तर जाणकाराकडून डिस्कची स्वतःची पुसण्याची आज्ञा द्या.

७. पुसल्यावर खरंच पुसलंय का, ते तपासा.

८. एवढं करूनही कुणी फसवून पैसे काढले, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करायला मोठ्यांना सांगा.

तुमच्याही घरात कपाटात एखादा जुना लॅपटॉप किंवा फोन पडलाय का? या रविवारी आई-बाबांबरोबर तो उघडून बघा. कुणी सांगावं, त्यात तुमचाही एखादा 'बे त्रिक किती' सापडेल. तो आधी जपून ठेवा आणि मगच पाटी पुसा!